मास्तरची डावी भुवई

गोविंदा मास्तर फार मोठा गवई होता, असं अलीकडे आमच्या भागात बोललं जातं. बोलणाऱ्यांतले बहुतेक जण त्या वेळी जन्मलेच नव्हते. जे जन्मले होते ते त्याला ऐकून कानांवर हात ठेवून पळाले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मला पळता येत नव्हतं, कारण ज्या यंत्रातून तो ओरडायचा ते यंत्र माझं होतं.

मास्तरला मी तोंडावर 'तुम्ही' म्हणायचो, कारण तो माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा होता. माघारी कधी म्हटलं नाही आणि आता म्हणणार नाही. माझं त्याच्याशी एक भांडण आहे. तो गेला म्हणून ते मिटलेलं नाही.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव होतं आणि आमच्या आरमोरी-वडशाकडे वीज फक्त आभाळात दिसायची. मी सायकली दुरुस्त करता करता नागपूरहून एक ध्वनिक्षेपक आणला. एक पेटी, एक माइक, दोन भोंगे. मोटारीच्या बॅटरीवर चालायचा. बॅटरी वडशाच्या धानगिरणीत भरून आणायची, बैलबंडीत धानाचं तणस अंथरून त्यावर पेटी ठेवायची आणि लग्न असो, भाषण असो, निघायचं. लोक मला भोंगेवाला म्हणू लागले.

फक्त आमच्या कोसमटोल्याचा मालगुजार, म्हणजे गावचा जमीनदार, म्हणत नव्हता. सरकारने त्याची मालगुजारी काढून घेतली, पण पहिल्या रांगेतली खुर्ची काही त्याच्या बुडाखालून निघाली नाही. लहानपणी मी त्याच्या फाटकासमोर बसून चाकांची भोकं बुजवत असे. तेव्हापासून त्याच्यासाठी मी 'पंक्चर'. "अबे पंक्चर, इकडं ये." माझं नाव, बापाच्या नावासकट, त्याच्या कागदात लिहिलेलं होतं. बाप त्याच्याच तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माती वाहून मेला. पण ते नाव त्या तोंडातून कधी निघालं नाही. एकदा तरी ते अख्ख्या गावाच्या आणि त्याच्या कानात मोठ्याने पडावं, एवढी एकच हौस मी बाळगून होतो. भोंगा त्यासाठीच घेतला होता म्हणा ना. आता स्वतःचं नाव स्वतःच्याच भोंग्यातून स्वतःच ओरडणारा माणूस खुळा दिसतो. ते दुसऱ्याने घ्यावं लागतं. तिथे मास्तर आला.

तो मला भेटला आरमोरीच्या एका लग्नात. माझ्या हातून माइक भोंग्याच्या तोंडासमोर आला. असं झालं की यंत्र कोकलतं. भोंग्याचा आवाज माइक ऐकतो, परत भोंग्याला देतो, भोंगा पुन्हा माइकला देतो आणि दोघांच्या या देवघेवीतून कानात दाभण घुसावं तशी शिट्टी निघते. भोंगेवाल्याची याहून मोठी बेअब्रू नाही. मी नॉब खाली करायला धावलो, तर मांडवाच्या खांबाला टेकून बसलेल्या एका हाडकुळ्या माणसाने माझं मनगट धरलं. भर उन्हाळ्यात त्याच्या गळ्याला लोकरीचा मफलर होता.

"बंद नोको करू गा," तो म्हणाला. आवाज सुपात धान पाखडल्यासारखा. "थे काईतरी सांगून राह्यली."

"कोन?"

"थे. पेटी."

"पेटी काई नाई सांगत. नवरदेवाचा बाप शिव्या देऊन राह्यला, थ्या ऐका!"

त्याने त्याही ऐकल्या. डोळे मिटून, मान हलवत, जसा काही रागच चालला आहे. मग म्हणाला, "गाते बुढा. पन वरचा सूर फाटते."

हा माणूस पूर्वी दंडारीच्या मंडळात बाजाची पेटी वाजवायचा आणि गायचा. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं नाच-गाण्याचं नाटक. एका पावसाळ्यात मोठा ताप आला, ताप गेला तो आवाज घेऊन गेला. मागे राहिला नुसता कोंडा. दुसरा कोणी असता तर गुमान शेती करत बसला असता. याच्याकडे शेती होती, बायको होती, दोन बैल होते. तिघं मिळून त्याच्याविना शेती करत.

मास्तर दिवसभर ऐकत हिंडायचा. वडशाच्या रस्त्यावर तारायंत्राच्या खांबाला कान लावून उभा राहायचा. ओळखीच्या बंड्या बाजूने काढल्या जायच्या, अनोळखी गाडीवान विचारायचे, "ह्याले काय झालं?" माझ्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या सायकलीच्या चाकात काडी घालून तो फिरवत बसायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "तुमच्या सायकलीचा सा बरा आहे." गालात नेहमी लवंग. बोलणं इतकं हळू की माणसाला वाकून ऐकावं लागे. पाच वर्षं मी त्याच्यापुढे वाकत होतो. भेटायला येणाऱ्याला वाटायचं, मी त्याच्या पाया पडतोय.

त्याला माइक हवा होता. घेऊन गेला नाही, एवढंच. रोज संध्याकाळी दुकानात येऊन तो त्याच्याशी खेळायचा. माइकपुढे मुरमुरे चावले, तर भोंग्यातून कौलं फुटल्याचा आवाज आला. माइक मफलरने गळ्याला बांधून पाणी गिळलं, तर विहिरीत म्हैस पडल्यासारखं वाजलं आणि दोन माणसं दोर घेऊन धावत आली. मग त्याने शेजारच्या मैनाबाईकडून रांजण मागून आणला. मैनाबाई कुंभारीण, तोंडाची फटकळ. रांजणात माइक आणि तोंड दोन्ही घालून तो आत घुमायला लागला तेव्हा ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"मास्तर, बायकोनं मारलं काय गा? रांजनात काऊन रडून राह्यले?"

"रडत नाई बाई," आतून उत्तर आलं. "रांजन काय म्हन्ते थे पाहून राह्यलो."

"माहा रांजन काईच नाई म्हनत. थो शहाना आहे."

ह्या सगळ्याच्या वर त्याचा आवडता खेळ म्हणजे ती शिट्टी. जी मी जन्मभर टाळत आलो ती त्याला मुद्दाम हवी असायची. माइक भोंग्यासमोर धरायचा, शिट्टी उठली की तिच्या शेजारी आपला फाटका आवाज लावायचा, माइक जरा मागे घेतला की शिट्टी खाली, पुढे नेला की वर. दोघं एकमेकांना चाटत-चावत वर चढायचे. यंत्र जळायची भीती मला. म्हणून मी पहिली अट घातली, नॉबला हात माझाच. तो कबूल झाला. पण कधी वाढवायचं, कधी उतरवायचं, हे गाताना बोलणार कसं? तर भुवईने. डावी भुवई वर गेली की वाढव, उजवी गेली की कमी कर. माझे दोन महिने त्या भुवया शिकण्यात गेले. बायकोच्या भुवया मी तेवढ्या पाहिल्या असत्या तर घरात सुख असतं.

आज सांगणारे सांगतात, मास्तर एकटा उभा राहायचा आणि भोंगा त्याचं ऐकायचा. भोंगा कोणाच्या बापाचं ऐकत नाही. शिट्टी कुठवर चढू द्यायची, कुठे तिचं नरडं दाबायचं, कुठे एकदम सोडायची, हे माझी दोन बोटं करत होती. त्याची भुवई हलल्यापासून नॉब फिरेपर्यंत मधे श्वासही जात नसे. पण बोटं कोण बघतो?

त्याचे दोन हट्ट होते. एक, माइकमध्ये शब्द घालायचा नाही. "शब्द घातला का लोकं शब्दच ऐकते. आवाज उपाशी राह्यते." दुसरा, एकदा केलं ते पुन्हा करायचं नाही. "वन्स मोर" ओरडलं की तो मफलर गुंडाळून खाली उतरायचा. तसं ओरडायची वेळ फार लोकांवर आली नाही, हे सोडा.

एकदा वनमहोत्सवात आमचा कार्यक्रम ठरला. साहेब येणार, खड्ड्यात रोप लावणार, त्याआधी स्वागतगीत. मी मास्तरला बजावून नेलं, जंगलाचंच काहीतरी करा, साहेब खूश होतील. त्याने जंगलच केलं. आधी वाळलेली सागाची पानं पायाखाली मोडली, मग दूर कुठे मोर ओरडला. साहेब मान हलवू लागले. मग खरखर सुरू झाली. दोन माणसं आडवी करवत ओढतात तशी, जाते, येते, जाते, येते. साहेबांची मान थांबली. मास्तरची डावी भुवई चढत गेली, मी वाढवत गेलो, आणि एकाएकी भोंग्यातून कडकड करत एक अख्खा साग कलंडला. समोर ठेकेदाराची लाकूडतोडी माणसं बसली होती. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "हटाऽऽ!" करत सगळी एका बाजूला पळाली. त्यांना पाहून साहेब टेबलाखाली गेले.

बाहेर आले ते गुलालासारखे लाल. "झाडं लावायच्या दिवशी झाड तोडता?"

मास्तर नम्रपणे म्हणाला, "साहेब, बाकीच्या दिवशी जे ऐकू येते, थेच केलं."

त्या गावात माझा भोंगा पुन्हा गेला नाही.

आता भांडणाचं सांगतो. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, मैदानात दुपारभर जिलेबी, ऊस, शिंगाडे, आणि दंडारी नाचतात. त्या वर्षी कोसमटोल्याच्या मंडईत मास्तरला एक नवीन करायचं होतं. एक भोंगा मैदानात आणि दुसरा तलावाच्या पलीकडे, पाळीवरच्या मोहाच्या झाडावर. इकडे काढलेला आवाज पाण्यावरून जरा उशिराने परत येईल आणि त्या परत आलेल्या आवाजाशी तो गाईल. एवढी लांब तार कुठून आणायची? माझ्याकडे होती, लिलावातली जुनी. हे त्याला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं की त्याला ठाऊक आहे. माल आपल्याकडे आणि गरज समोरच्याला, अशी वेळ रोज येत नाही.

"तार जोडतो मास्तर, पन एक अट आहे."

"बोल."

"शेवटी माह्यं नाव घ्याचं. तीन डाव. गावासकट, बापाच्या नावासकट. मालगुजार समोर बसून असन तेव्हा."

त्याने लवंग या गालातून त्या गालात नेली. "मी शब्द नाई घालत. तुले मालूम आहे."

"नाव काई शब्द नाई."

"मंग काय आहे?"

"माह्यं नाव आहे!"

"तुह्यासाठी आवाज काढतो ना. तुह्या सायकलीचा. लोकं बराबर वळखतीन."

"सायकलीचा काढाल तं मालगुजार आनखी जोरानं पंक्चर म्हनन!"

तीन दिवस घासाघीस चालली. तीन वेळाचे दोन झाले, दोनाचा एक झाला. गावाचं नाव मी सोडलं. बापाचं सोडलं नाही.

"एक डाव," शेवटी तो म्हणाला. "नाव, बापाचं नाव. त्याच्यावर बोलनं नाई."

"एक डाव," मी म्हणालो आणि त्याच्या हातावर हात मारला. पाच वर्षांत ज्याने माइकमध्ये एक शब्द घातला नव्हता, त्याचा पहिला शब्द माझा असणार होता. सौदा म्हणावा तो असा. मी स्वतः मोहावर चढून भोंगा बांधला. पाय त्याच पाळीवर टेकवून चढलो, जिच्यात बापाने घातलेली माती होती.

मंडईच्या दिवशी मैदान भरलं. मालगुजार खुर्चीत, जोडे काढून पाय पसरून. मास्तर रांजणाजवळ उभा, रांजणाशेजारी मैनाबाई, कारण तिला रांजणाची काळजी. मी पेटीपाशी, पंधरा-वीस हात दूर.

त्याने नुसत्या श्वासाने सुरुवात केली. लोकांना वाटलं वारा सुटला. मग त्याने हाक दिली. धान राखणारा माणूस मचाणावरून रानडुकरांना हाकारतो, तशी लांब हाक, शब्दाविना. ती तलावावरून गेली आणि मोहावरून परत आली. तिला त्याने उत्तर दिलं. ते उत्तर परत आलं तोवर त्याने तिसरी सोडली होती. थोड्या वेळात समजेना की मास्तर इकडे आहे की तिकडे. मैदानात एक, पाळीवर एक आणि पाण्याच्या मधोमध कुठेतरी तिसरा. जिलेबीवाल्याचा हात कढईवर थांबला. बाया वळून पाळीकडे बघू लागल्या. मी खोटं बोलणार नाही, माझ्या हातावर काटा आला. नॉब पितळेचा होता, गार लागला असेल.

पण किती वेळ! त्याने शिट्टी उठवली, चढवली, उतरवली, पुन्हा चढवली. नावाचा पत्ता नाही. डोळे मिटलेले. तेवढ्यात मालगुजार पायाने जोडे चाचपू लागला. मी इकडून हात करतोय, खाकरतोय, मास्तर आपला आभाळात. मालगुजार उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "अबे पंक्चर! तुह्या डब्ब्याले सर्दी झाली काय बे?"

मैदान हसलं. जावई हसले, लेकी पदर लावून हसल्या, जिलेबीवालासुद्धा हसला.

माझ्या डोक्यात काय झालं ते मी सांगू शकत नाही. मास्तरने तेव्हाच डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. डावी भुवई वर गेली. पार वर, कपाळाला टेकेल इतकी. म्हणजे वाढव. आणखी वाढव! इथे माझी इज्जत मातीत आणि याला शिट्टी आणखी मोठी पाहिजे! मी नॉब धरला आणि डावीकडे गरकन फिरवला. शून्य.

सगळं गप्प झालं. पाण्यावरून शेवटचा एक तुकडा आला आणि तोही विरला. त्या शांततेत मास्तरचे ओठ हलत होते. सावकाश, नीट, एकेक अक्षर मांडल्यासारखे. मग ते थांबले. मालगुजार जोडे घालून निघून गेला.

मैनाबाई तणतणत माझ्याकडे आली. "काऊन बंद केला गा? तुह्यं नाव घेतलं त्यानं. बापाच्या नावासकट घेतलं."

"खोटं!"

"माह्या रांजनाची आन."

मी मास्तरकडे धावलो. तो मफलर गुंडाळत होता. "पुन्हा घ्या," मी म्हणालो. "लोकं आहेत अजून. चालू करतो."

"एक डाव ठरला होता."

"अन् ऐकलं कोनी?"

"घ्याचं काम माह्यं होतं," तो त्याच्या त्या कोंड्यासारख्या आवाजात म्हणाला. "ऐकवाचं तुह्यं. मी भुवई दिली होती."

हे भांडण पुढे किती वर्षं चाललं! दुकानात, बाजारात, त्याच्या बांधावर. माझं म्हणणं सरळ होतं. भोंग्यातून न आलेलं नाव हे घेतलेलं नाव नव्हे. भोंगेवाल्याशी केलेला करार आहे, भोंग्यातूनच पुरा झाला पाहिजे. त्याचं म्हणणं, तोंडातून निघालं की घेतलं. आधी खूण करून ठेवायला काय झालं होतं, असं विचारलं की तो म्हणायचा, "केली होती." माझ्याच कराराने मला बांधून हा माणूस लवंग चघळत बसायचा. मी त्याला एक अख्खा हंगाम माइक दिला नाही. तो दुसऱ्या एका भोंगेवाल्याकडे गेला. तो भला माणूस शिट्टी उठली की घाबरून पेटीच बंद करायचा. मास्तर परत आला, माझ्या दुकानाच्या पायरीवर बसला. मी म्हटलं, नाव घ्या, माइक घ्या. तो म्हणाला, झालेलं दुसऱ्यांदा होत नाही. असे आम्ही दोघे. मास्तरपुरता माइक तसाच कपड्यात गुंडाळलेला राहिला.

ते नाव मी इथेही लिहीत नाही. कागदावर तर मालगुजारानेही लिहिलं होतं.

मास्तरला शेवटचं पाहिलं ते वडशाला, मोटारस्टँडवर. मी बॅटरी भरून घ्यायला गेलो होतो. तो नागपूरच्या गाडीत खिडकीशी बसला होता. गळ्याला मफलर नव्हता, पांढरी पट्टी होती. शेजारी बायको. मोठ्या दवाखान्यात नेत होती.

मी खिडकीखाली उभा राहिलो. भांडायचंच मनात होतं. पण तोंडातून निघालं ते असं, "मास्तर, त्या दिवशी खरंच घेतलं होतं काय?"

"आता आवाज निघत नाई, भाऊ," त्याची बायको म्हणाली. "काई विचारू नोका."

मास्तरने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचे ओठ हलले. सावकाश, नीट, एकेक अक्षर मांडल्यासारखे, त्या दिवशी हलले होते तसेच. जो माणूस केलेलं पुन्हा करत नसे, तो पुन्हा करत होता. मी सवयीने वाकलो, कान वर केला. काही आलं नाही. इंजिन धडधडत होतं, पण ते बंद असतं तरी काही आलं नसतं. गाडी हलली. तेव्हा त्याची डावी भुवई वर गेली.

गाडी वळणाआड गेल्यावर माझं माझ्या हाताकडे लक्ष गेलं. तो हवेत होता. अंगठा आणि बोट उजवीकडे फिरलेले होते, जिथवर माझा नॉब फिरतो, पार तिथवर.